खेळव

आज रविवार. सकाळी हा खेळाचा हॉल झाडून घेतला, खुर्च्या मांडल्या, कांबळे सरांच्या फोटोला हार घातला. दुपारी त्यांच्या मुलीला स्टेशनवरून कर्वेनगरच्या घरी सोडलं. आता आपण सगळे जमलो आहोत.

वहिनी, शिक्षक मंडळी, मुलींनो, मला बोलणं जड जातंय. सामन्यात माझी जागा टेबलामागे. मी वेळ लावतो, बोलतात इतर.

सरांचा आणि माझा वाद आपल्याला माहीत आहे. आपल्या मुली उंचीला कमी. आघाडी मिळाली की सर बाकावरून एकच शब्द म्हणायचे. खेळव. मग मुली चेंडू एकमेकींत फिरवत राहायच्या, बास्केटकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मी म्हणायचो, "अहो सर, हा खेळ आहे का टाळाटाळ? चोवीस सेकंदांचं घड्याळ लावू. तेवढ्यात बास्केटकडे टाकला नाही, तर चेंडू समोरच्यांना."

सर म्हणायचे, "लावा की, घड्याळवाले. उंच मुलींच्या शाळांना घड्याळ फार आवडतं."

दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसलो होतो. दोन श्वासांमधलं अंतर मनात मोजत होतो. सवय. माझे ओठही हलले नव्हते. सर डोळे मिटूनच म्हणाले, "मोजू नका."

मी थांबलो. त्यानंतर ते बरेच दिवस राहिले. डॉक्टरांना नवल वाटलं. वहिनी, तुम्ही बाहेर म्हणालात, "खेळवतायत त्याला." कोणाला, ते मी विचारलं नाही.

सरांच्या स्मरणार्थ शाळेने घेऊन भिंतीवर लावलं ते नेमकं हेच चोवीस सेकंदांचं घड्याळ. हेतू चांगला होता. परवा सरावात पहिल्यांदा लावलं. मुली छान खेळत होत्या. मग एकदम गप्प झाल्या आणि चेंडू फिरवू लागल्या. भोंगा वाजला. कोणी थांबलं नाही. पुन्हा वाजला. मी कप्तानाला विचारलं, "ईशा, बास्केट का करत नाहीस?"

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "सर खेळव म्हणतायत ना."

म्हणतायत, म्हणाली. मी बाकाकडे पाहिलं. रिकामा होता. बाकीच्या मुलीही तिकडेच बघत होत्या. एकीने तर मान डोलावली.

आज भाषणानंतर मी बटण दाबून घड्याळ सुरू करायचं ठरलं आहे. मी ते करणार नाही. मुख्याध्यापकांनी राग मानू नये. माझं मत बदललेलं नाही, घड्याळ असावं. पण समोरचा माणूस उठून गेल्यावर वाद जिंकायचा नसतो. आणि तो उठून गेला आहे, याची मला खात्री नाही. खुर्च्या कमी पडल्या, मागे माणसं उभी आहेत, तरी त्या बाकावर कोणी बसलेलं नाही.

आता मौन. दर वेळी दोन मिनिटं मीच लावतो. आज मनगटावर घड्याळ नाही. आपण उभे राहू. ज्याला बसावंसं वाटेल त्याने बसावं. मी मोजणार नाही.

नंतर थांबू नका, खुर्च्या मी आवरीन. भिंतीवरच्या त्या घड्याळाची विजेची पिन काढीन, दिवे घालवीन, आणि बाक आहे तिथेच ठेवून दार ओढून घेईन.