कधीच राग येत नाही

सकाळी साडेदहाला क्रेनचालक मानसतज्ज्ञ बाईंच्या खोलीतून बाहेर आला आणि मोठ्या बहिणीशेजारी बसला. समोर एक शिक्षिका स्वतःच्या चाचणीसाठी थांबली होती. तिने मासिक उघडलं, पण कान तिकडेच होते.

“काय निघालं?”

“काहीच नाही. माझ्या स्वभावात दोष आहे असंही नाही, नाही असंही नाही. या उत्तरांचा अर्थच लागत नाही म्हणाल्या.”

“एवढी चांगली उत्तरं देऊन?”

“म्हणूनच. राग येतो का? कधीच नाही. खोटं बोललात का? कधीच नाही. असा माणूस त्यांनी अजून पाहिला नाही म्हणे.”

“मग आता बघ म्हणावं.”

“ताई, तू पढवलंस तेच लिहिलं मी.”

“मुकादमाची कॉलर धरलीस ते लिहू द्यायचं होतं? परत कामावर घेतील?”

“या बाईंचा अहवाल नसला तरी कामावर घेणार नाहीत. आत्ताच पुन्हा चाचणी द्या म्हणाल्या. खरं लिहून.”

“लिही खरं. पण जरा बेतानं.”

“बेतानं म्हणजे?”

“राग येतो म्हण, पण लगेच जातो.”

“जात नाही ताई. घरी आल्यावरही रात्री दोन-दोनपर्यंत मनात त्या मुकादमाशी भांडत असतो. हे लिहू?”

बहिणीने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

“मला कधी बोलला नाहीस.”

“तू विचारलंस कुठे? तू थेट उत्तरंच सांगितलीस.”

आतून हाक आली. तो उठला.

अकराला शिक्षिकेलाही आत बोलावलं, तेव्हा तो अजून चाचणीच्या पहिल्याच पानावर लिहीत होता.