रिकामी व्हॅन उडते

हॅलो?… कोण?… अगं शुभा! बोल, बोल… हो, मीच… आवाज का असा तुझा?… नाही गं, झोपतोय कसला, देवापाशी दिवा लावत होतो. बोल ना.

काय झालं म्हणजे?… मला कुठे काय झालंय?… कुणी सांगितलं?… यादवांनी? थेट पुण्याला फोन केला त्यांनी?… कमाल आहे. शेजाऱ्यानं शेजाऱ्यासारखं राहावं. मी म्हटलं होतं त्यांना, लेकीला मी सांगेन माझ्या पद्धतीनं…

हो, हो… अगं ऐक ना. ऐक तर. व्हॅन उलटली-बिलटली नाही. रस्ता सोडून शेतात गेली, एवढंच… कपाळाला. भुवईच्या वर, जरासं. टाके घातलेत… नाही, आता दुखत नाही. चष्मा फुटला, तो नवा केला.

मंगळवारी. संध्याकाळी… नाशिकहून परत येताना… भाजी आणायला गेलो होतो… हो, मिळते ना ओझरला भाजी. मिळते… असंच गेलो गं. मंगळवार होता.

…हॅलो? आहेस ना?… हं.

नाही, वेगात कुठला? तुझी आई मागे असताना जो वेग होता, तोच बसलाय पायात. ट्रकवाले मागून हॉर्न मारून थकतात. दहाव्या मैलापाशी मी आतल्या रस्त्याला वळलो, द्राक्षबागांमधून… हो, तोच. तिथं पाइप टाकायला रस्ता खणलाय आणि वर मातीचा उंचवटा करून ठेवलाय. त्यावरून चाक गेलं आणि व्हॅनची मागची बाजू उडाली. उडाली म्हणजे चेंडूसारखी गं. खाली आली, पुन्हा उडाली. आणि पुढे लगेच वळण. मागची चाकं जमिनीलाच टेकेनात, गाडी वळणार कशी? गर्रकन फिरली आणि तारेचं कुंपण तोडून झेंडूत.

झेंडूत! झेंडूच्या वाफ्यात… हसतेस काय?… हस, हस. मलाही नंतर आलं हसू. बॉनेटवर फुलं, वायपरमध्ये फुलं. दसऱ्याला पूजा केल्यासारखी उभी होती.

मळेवाले कारभारी म्हणून आहेत, ते पळत आले… नाही, भांडले नाहीत गं. "बाबा, फुलांचं जाऊ द्या, तुम्हाला लय लागलं का ते सांगा," म्हणाले. त्यांच्या बायकोनं डोक्याला फडकं बांधलं, पाणी दिलं. मग विचारलं, "आत अजून कोन हाय?" म्हटलं कुणी नाही, एकटाच आहे. तरी वाकून वाकून काचेतून मागे बघत होते. त्यांना वाटलं, एवढी मोठी गाडी घेऊन माणूस एकटा कशाला हिंडेल…

थांब, थांब. विकायचं नंतर बघू… नको, महेशरावांना नको देऊस फोन. ते शांतपणे समजावतात, मला मग काही बोलताच येत नाही. तू ओरड हवं तर.

दुरुस्त का नाही केली? केली ना! काय काय केलं सांगू? आधी वाटलं हवा जास्त आहे, चारी टायरांतली हवा कमी केली. मग मागचे दोन्ही शॉकअप नवे टाकले… तेच गं, झटका शोषून घेतात ते. त्यानं पहिले दोन-चार दिवस बरी वाटली. मग पुन्हा तेच. स्पीडब्रेकर आला की टण्णकन उडायची आणि पुढे कितीतरी वेळ डुलत राहायची. कुंभमेळ्याला रस्ते गुळगुळीत केले ते ठीक, पण हे ब्रेकर किती घातलेत! प्रत्येकाला माझं डोकं टपाला.

माहीत आहे… माहीत आहे मला, कशामुळे ते… हो, आईसाठी मागच्या स्प्रिंगला जादा लोखंडी पाटा घातला होता, त्यानंच… अगं, अख्खा जन्म कारखान्यात विमानाचे भाग जोडले मी, मला एवढं कळत नसेल का? मागची सीट काढली, फळी टाकली, गादी, चाकाची खुर्ची, वर तुझी मावशी. ओझ्यानं गाडी मागे बसायची. खड्डा आला की खालून धप्पकन आपटायची आणि आईच्या हातात सुई टोचलेली असायची ना, तो हात ती असा दुसऱ्या हातानं धरायची. नुसता धरायची. मग गॅरेजवाल्या राजूला म्हटलं, मागच्या स्प्रिंगच्या कमानीत दोन्ही बाजूंना एकेक जाडजूड पाटा वाढव. त्या दिवसापासून आपटणं बंद झालं. डायलिसिस करून येताना आडगाव यायच्या आत झोप लागायची तिला.

तेच तर. आता फळी नाही, गादी नाही, खुर्ची त्या संस्थेला दिली आपण. राहिलो मी. माझ्या एकट्याच्या वजनाला ती कमान दबतच नाही. दबत नाही म्हणून उडते. राजू पहिल्याच वेळी म्हणाला होता, "काका, जादा पाटा काढून टाकू, अर्ध्या दुपारचं काम आहे." मी म्हटलं, आधी हवा बघू.

का म्हणजे…

का ते नाही सांगता येत, शुभा… दिशा काय करतेय?… विषय नाही बदलत गं. विचारलं आपलं.

बरं, सांगतो. रागावू नको. मध्ये मी वाळूची पोती टाकली होती मागे… वजनासाठी! आणि उडायची थांबली, खरंच. राजू म्हणाला, हा काही इलाज नाही, ब्रेक लावल्यावर गाडी लवकर थांबणार नाही. ते बरोबरच होतं त्याचं. पण मला चाललं. दसरा, दिवाळी, संक्रांत, तशीच चालवली. फक्त वाळू उडायची सगळीकडे, म्हणून त्यावर घरातली एक जुनी चादर घातली… हो, कुठलीतरी. निळ्या फुलांची… हो, तीच. मी काही ठरवून नाही घेतली गं, कपाटात वर होती.

मग गेल्या आठवड्यात सिग्नलला उभा होतो. आरशात बघितलं. आणि तोंडातून निघून गेलं, "आलंच हं, दोन मिनिटांत पोचू."

…

बोललो मी पोत्यांशी. शेजारी स्कूटरवर एक पोरगी होती, ती बघायला लागली.

घरी आलो आणि आधी पोती उतरवली. चादर धुतली. मंगळवारी रिकामी गाडी घेऊन गेलो, म्हणून ते झेंडूचं प्रकरण.

रडू नको… अगं, तू रडायला लागलीस तर मी कुणाला सांगू?… पाणी पी. थांबतो मी, पी.

हं… तर ऐक. काल टाकली राजूकडे. त्याला म्हटलं, काढ. तो बघतच राहिला माझ्याकडे. मग जॅक लावला. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. बोल्ट गंजून बसले होते, निघता निघेनात. मनात म्हटलं, नाही निघाले तर बरं. निघाले पण. दोन्ही पाटे बाहेर काढून ठेवले त्यानं, म्हणाला, "नेता का काका?" म्हटलं, मी काय करू नेऊन? घाल भंगारात.

आणि शुभा, काय चालते गाडी आता! लोण्यासारखी. स्पीडब्रेकर आला कधी, गेला कधी, पत्ता नाही. डुलणं नाही, उडणं नाही. राजू शेजारी बसून एक चक्कर मारून आला, म्हणाला, "आता कशी माणसाळली बघा." त्याला सोडलं आणि म्हटलं, जरा लांब चालवून बघू. मनात काही नव्हतं गं. देवाशप्पथ. सरळ घरी यायचं तर मी द्वारका सर्कलला वळलो आणि… 

हो. हॉस्पिटलला.

हातच वळले. पायऱ्यांपाशी, जिथं नेहमी लावायचो, तिथं लावली. इंजिन बंद करतोय तोच सहादू… वॉचमन नाही का, जाड मिशांचा? आईला "माय" म्हणायचा… तो. त्यानं गाडी ओळखली. आणि लांबून चाकाची खुर्ची ढकलत पळत आला. तोंडभर हसत. म्हणाला, "किती दिवसांनी, काका! मी गावाकडं होतो वर्षभर, सुरगाण्याला, बापाचं आजारपन. कालच परत लागलो कामाला." आणि मागचं दार सरकवलं.

…

हो. सरकवलं.

मग आत बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "माय कुठंय?"

शुभा, तुला माहितेय? मला तोवर कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. तेव्हा तू होतीस, मावशी होती, यादवांनी फोन केले सगळ्यांना. गल्लीला माहीत, कारखान्यात माहीत. लोक यायचे ते माहीत करूनच यायचे. मी नुसतं "हो, हो" म्हणायचो. वर्ष झालं, माझ्या तोंडून ते वाक्य गेलं नव्हतं. क्षणभर वाटलं, सांगून टाकावं, आज आणलं नाही, घरी आहे. सहज खपलं असतं. त्याला काय कळणार होतं?

…नाही. म्हटलं, "सहादू, माय गेली. मागच्या फाल्गुनात."

एवढंच. एवढंच बोललो आणि मग मला काही आवरेना. त्यानं ती खुर्ची तशीच सोडली, मला धरून पायरीवर बसवलं. बसला शेजारी. पेशंट येत होते, जात होते, कुणीतरी त्याला हाक मारत होतं, तो उठला नाही. त्याचा बापही गेलाय गं. तेही त्यानं तेव्हाच सांगितलं. बसलो होतो दोघं… किती वेळ, काय माहीत. ऊन पायावरून निघून गेलं.

मग घरी आलो. मऊ चालत होती गाडी. इतकी गप्प की मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. आणि घरी येऊन झोपलो, ते आज उजाडल्यावरच उठलो. वर्षात पहिल्यांदा.

हं… हं… बोल.

पुण्याला? कायमचं?… नाही गं, शुभा. तुमच्या घरात माझी अडचण नाही, माहितेय. महेशरावही म्हणतात. पण कायमचं नको… कारण काय सांगू? अजून मंगळवारी न् शुक्रवारी पहाटे जाग येते मला आणि थर्मास भरला जातो हातून. इथं भरला तर मी एकटाच चहा पितो दिवसभर. तिथं भरला, तर तुम्ही सगळे बघाल.

…बरं. बरं, येतो. थोडे दिवस. शनिवारी निघतो… व्हॅननं… अगं, आता उडत नाही म्हणून तर सांगतोय! एसटीनं कशाला? चंदनापुरीच्या घाटात हळू घेईन, नारायणगावला चहाला थांबेन, तिथून फोन करेन. उन्हं असतानाच पोचतो… हो, चष्मा नवा आहे… हो, टाके काढून झाल्यावरच. डॉक्टरांना विचारतो. शपथ… बरं, मग पुढच्या शनिवारी. झालं समाधान?

आले का महेशराव? वाढ त्यांना, वाढ… नाही, माझं झालंय… खिचडी… गरम होती गं. हो.

दिशाला दे ना एक मिनिट… दिशाबाई! काय करताय?… आजोबा… ओझरचे आजोबा… हो, विमानवाले… येणार ना, गाडी घेऊन… नाही, आता आजोबांची गाडी उड्या नाही मारत… का म्हणजे? तुला उड्या आवडायच्या?… बरं, तू मागे बस, मग बघू… काय लागलंय टीव्हीवर?… कोण मांजर?… हॅलो?… दिशा?

दिशा, फोन आईला दे बाळा… हॅलो?… पळाली वाटतं…

शुभा?… अगं, रिसीव्हर तसाच टाकलाय पोरीनं… शुभा, ऐकू येतंय का?… कुकरची शिट्टी झाली गं… झाली अजून एक… अहो महेशराव!…

…महेशराव हसतायत कशाला तरी… 

भांडी… ताटं मांडतेय… "दिशा, आधी हात धू"… अगदी आईसारखं ओरडते…

…

राहू दे.

जरा खुर्ची ओढून घेतो… हं… असू दे चालू. कुणी ठेवू नका इतक्यात.