पाहुणा लवकर निघाला

(हॉटेलच्या वरच्या मजल्यावरची मालकांची राहती खोली. सकाळ. पलंगावरच्या माणसावर डोक्यापर्यंत पांढरी चादर ओढलेली. भिंतीत खालच्या मजल्यांशी बोलायची पितळी नळी. दारात मळके कपडे न्यायचा, चाकं लावलेला मोठा वेताचा पेटारा.)

दरवान : नाही मालक, नळीतून मला तेवढंच ऐकू आलं. 'पाहुणा लवकर निघाला.' पण खोली कुठली? तुमचा आवाज असा घोगरा येत होता, की म्हटलं आधी वर जाऊन विचारावं. नाहीतर जिवंत माणसाच्या दारात पेटारा नेऊन उभा करायचो.

मालक : इथेच आण.

दरवान : इथे? इथे कुठला पाहुणा... अरे देवा.

लेक : मिशीकाका, टोपी काढा.

दरवान : काढतो, ताई. काढली. तुम्ही कधी आलात? मी तर दारावरच होतो.

लेक : काल दिवेलागणीला. मागच्या दाराने आले. पुढचं दार पाहुण्यांचं, हे आईने लहानपणीच शिकवलंय आम्हाला.

दरवान : बाईसाहेब गेल्या, आणि मी हा पेटारा ढकलत आलो. खडखड करत. परवाच मला म्हणाल्या, मिशीला तेल जरा बेतानं लाव, पाहुण्यांच्या कोटाला डाग पडतात. म्हटलं, बाईसाहेब, मिशी गेली तर दरवान कोण म्हणेल मला? तर हसल्या. हसता हसता खोकला आला नि...

लेक : बाबा, काय म्हणालात तुम्ही नळीतून?

मालक : काही नाही. सवयीनं बोलून गेलो.

लेक : आई पाहुणी होती?

मालक : हॉटेलात कुणी गेलं की तसंच म्हणायचं असतं. तुला माहीत आहे. नळीत 'मेलं' म्हटलं की प्रत्येक मजल्यावर ऐकू जातं. अर्ध्या तासात खोल्या रिकाम्या. मी नळी तोंडाला लावली, आणि... दुसरं काही आलंच नाही. एवढ्या वर्षांत या बातमीला दुसरा शब्द वापरलेला नाही मी.

लेक : आणि पेटारा?

मालक : तीच पद्धत आहे. पेटाऱ्यातून मागच्या जिन्याने गल्लीत. गल्लीत गाडी. वरून चादरी टाकायच्या. बघणाऱ्याला वाटतं, धुणं चाललंय.

लेक : आईला धुण्यात घालून नेणार?

मालक : आवाज खाली.

लेक : का? पाहुणे ऐकतील?

मालक : हो! ऐकतील. आणि मग कुणी राहणार नाही. मागल्या वर्षी चौकापलीकडच्या लॉजमध्ये एक माणूस गेला. कशानं गेला, कुणी विचारलं? तिरडी पुढच्या दारातून निघालेली लोकांनी पाहिली, झालं. ताप आहे, साथ आहे. आज त्या लॉजला कुलूप आहे. मालक कुठे गेला कुणाला ठाऊक नाही.

दरवान : ठाऊक आहे. स्टेशनावर हमालांवर मुकादम आहे.

मालक : तू गप्प बस.

दरवान : बसतो.

मालक : आज दुपारी रेल्वेच्या साहेबलोकांची मेजवानी आहे. मोठं दालन भरणार. खाली बॅंडवाले वाद्यं लावतायत, ऐक. ती माणसं पुढचा जिना चढत असताना वरून... नाही. तिला स्वतःला चाललं नसतं. तिला विचारलं असतं तर तिनेच सांगितलं असतं, मागून न्या.

लेक : तिला कधी काही विचारलंत?

मालक : हे बघ, तुझ्या आईने माझ्याबरोबर हा धंदा उभा केला. कौलारू पडवीत चार बाकं टाकून खानावळ सुरू केली, तेव्हा ती रांधायची, मी वाढायचो. मी वाढण्यात कच्चा होतो, तर मला पदराआड चिमटे काढायची. धंदा काय असतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तू सासरी गेलीस, तुला आता इथलं काय माहीत?

लेक : मला एवढं माहीत आहे की पुढचा जिना बांधला तेव्हा कठड्याचं पितळ तिने निवडलं. गालिच्याचा रंग तिने निवडला. तुम्हाला हिरवा हवा होता.

मालक : हिरवा बरा दिसला असता.

लेक : ती म्हणाली, हिरव्यावर चिखल दिसतो, मरूनवर दिसत नाही. आणि मग त्या गालिच्यावरून ती एकदा तरी चालली का? मी तिला पाहिली ती नेहमी मागच्या जिन्यावर. अंधारात. हातात किल्ल्यांचा जुडगा. मी विचारायचे, आई, आपलाच जिना आहे ना? तर म्हणायची, मला आपला हा सवयीचा.

मालक : होतंच तिला सवयीचं. मी कधी बंदी घातली नव्हती. मिशी, मी कधी बंदी घातली होती?

दरवान : नाही मालक.

मालक : मग? तिचीच हौस. तिला ते पुढचं झगमग आवडायचं नाही. साधी होती.

दरवान : तसं नव्हतं, मालक.

मालक : काय तसं नव्हतं?

दरवान : जाऊ द्या. मी गप्प बसलेला बरा.

लेक : काका, बोला.

दरवान : त्यांनी बोलू नको म्हटलं होतं. पण आता कोण रागावणार मला? नवा जिना खुला केला त्या आठवड्यातली गोष्ट. बाईसाहेब वरून खाली येत होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या, हात कठड्यावर. मी दारात. म्हटलं, आता दोन्ही दारं उघडावीत, मालकीण येतायत. तेवढ्यात बाहेरून एक पाहुणा आत आला. पावसानं भिजलेला. जिन्याच्या पायथ्याशी बाईसाहेबांना बघितलं, आणि आपला ओला कोट काढून त्यांच्या हातावर टाकला. वर म्हणाला, वाळवून इस्त्री करून आण.

लेक : आणि आई?

दरवान : 'आत्ता आणते' म्हणाल्या. घेऊन गेल्या. वाळवला, इस्त्री केली, माझ्या हाती पाठवून दिला. मी म्हटलं, मालकांना सांगतो, त्याचं सामान रस्त्यावर फेकतील. तर म्हणाल्या, खबरदार! त्या बिचाऱ्याची काय चूक? माझ्या कपाळावर पाटी आहे का मालकीण म्हणून? आणि हसल्या. तुम्हाला माहीत आहे कशा हसायच्या. पदर तोंडाला लावून. पण त्यानंतर त्या पुढच्या जिन्यावर आल्या नाहीत. म्हणजे, उजाडताना यायच्या. कुणी उठायच्या आत.

मालक : कशाला?

दरवान : कठडा पुसायला.

मालक : कठडा पुसायला माणूस आहे.

दरवान : माणूस आठनंतर येतो. त्याला कधी कळलंच नाही की कठडा आधीच पुसलेला असतो. त्याला वाटायचं, आपलं पितळ जात्याच चांगलं. बाईसाहेब चिंच लावून पुसायच्या, वरपासून खालपर्यंत, एकेक पायरी उतरत. खाली पोचल्या की मला म्हणायच्या, 'आले बघ मी पुढच्या जिन्याने.' आणि फडकं घेऊन मागे जायच्या.

मालक : मला कधी बोलली नाही.

लेक : तुम्ही काउंटरला असायचात.

मालक : मी तिच्याचसाठी... कुणासाठी बसत होतो मी काउंटरला?

लेक : मी भांडत नाही आता, बाबा. खरंच नाही. मला फक्त तिला त्या वळणावरून न्यायची नाहीये.

मालक : कुठल्या वळणावरून?

लेक : मागच्या जिन्याच्या. तुम्हाला माहीत आहे तिथे काय करतात.

मालक : मिशी, तिथून पेटारा आडवा जात नाही?

दरवान : कधीच गेला नाही, मालक. उभा करावा लागतो. तुम्हीच एकदा हात दिला होता, तो म्हातारा व्यापारी निघाला तेव्हा. आतलं माणूस घसरून खाली बसतं. आवाज होतो.

मालक : पुरे.

दरवान : आणि तिथला दिवाही गेलाय. चाचपडत जावं लागेल.

मालक : दिवा... दिवा गेलाय, तुला कुणी सांगितलं?

दरवान : आत्ता येताना ठेचकाळलो ना.

मालक : तिने सांगितलं होतं मला. पहाटे. मी पाणी पाजत होतो. म्हणाली, मागच्या जिन्यावरचा दिवा विझलाय, तेवढा लावून घ्या. मला वाटलं, भ्रमात बोलतेय. मी म्हटलं, आता कशाला दिवे, पडून राहा. तर म्हणाली, 'नेणारी माणसं पडतील.' मला वाटलं, चहा वर नेणारी माणसं.

लेक : बाबा.

मालक : चहा वर नेणारी. मी म्हटलं, पडत नाहीत, सवयीची आहेत. आणि तिने मान डोलावली. बरं म्हणाली.

लेक : तिने सगळं ठरवून ठेवलं होतं.

मालक : तिला वाटलं, मी हेच करणार. आणि केलंच की मी. नळी उचलली नि तेच बोललो.

लेक : बसा तुम्ही. इथे बसा.

मालक : मिशी, पेटारा खाली ने.

दरवान : खाली?

मालक : रिकामा. धुलाईखान्यात नेऊन ठेव. गल्लीतली गाडी पुढच्या दाराशी घ्यायला सांग. चार माणसं लागतील. स्वयंपाक्याला बोलाव, त्याच्या हाताखालच्या दोघांना बोलाव, त्यांना तिनेच शिकवलंय. चौथा मी.

दरवान : तुमची कंबर, मालक.

मालक : कंबर मोडू दे. पायऱ्या रुंद आहेत, गालिचा आहे. तिनेच तसा बांधून घेतला जिना, म्हाताऱ्या पाहुण्यांना चढताना त्रास नको म्हणून.

दरवान : आणि मेजवानी?

मालक : मेजवानी होऊ दे. रांधलेलं टाकून दिलं तर उद्या मी वर गेल्यावर ती मला जाब विचारेल. बॅंडवाल्यांना मात्र थांबव.

दरवान : सगळी तयारी होईपर्यंत साहेबलोक यायला लागतील, मालक. जिन्यावरच गाठ पडेल.

मालक : पडू दे. कडेला सरतील. बाईमाणूस उतरताना वाट द्यायची असते, एवढं त्यांना शिकवलं असेल कुणीतरी.

लेक : कुणी निघून गेले तर? सगळेच गेले तर, बाबा?

मालक : तर स्टेशनावर मुकादमाच्या हाताखाली एखादी जागा असेलच. तो ओळखीचा आहे.

लेक : हे तुम्ही आईसारखं बोललात.

मालक : इतकी वर्षं एका खोलीत राहिलो. एवढं तरी उरायला हवं. पोरी, ती पेटी उघड. तिचं ते नवं लुगडं असेल तळाशी. जिन्याच्या वेळचं. पुन्हा नेसलेलं मी पाहिलं नाही.

लेक : इथेच आहे. त्यानंतर घडीही मोडली नाहीये.

मालक : तेच घाल अंगावर. आणि उजवा हात चादरीबाहेर ठेव.

लेक : का?

मालक : कठड्याच्या बाजूला.

दरवान : मालक, मी निघतो. दोन्ही दारं उघडून ठेवतो. पण कुणी विचारलं, कोण आहे, तर? आपलं नेहमीचंच सांगू?

मालक : नाही. मालकीण आहेत म्हणून सांग. मोठ्यानं सांग.

दरवान : सांगतो. आणखी एक, मालक. रागावू नका. दारातून कुणीही बाहेर पडलं की माझ्या तोंडून आपोआप येतं, 'पुन्हा या.' इतक्या वर्षांची जीभ आहे, ऐकत नाही. बाईसाहेब समोरून जातील तेव्हा मी काय म्हणू?

मालक : तेच म्हण.