एका दुकानातली दोन वयं

मामा: नळ्यांची अदलाबदल झाली असणार, दुसरं काय? माझं रक्त हिच्या नावावर, हिचं माझ्या.

भाचा: मलाही आधी तेच वाटलं, मामा. म्हणून तर प्रयोगशाळेतून मुद्दाम येऊन पुन्हा रक्त घेतलं. तरी रक्तावरून काढलेलं शरीराचं वय तेच आलं. तुमचं वय एकसष्ट, शरीर बावन्नचं. मामींचं वय पन्नास, आणि शरीर...

मामी: त्रेसष्टचं. ऐकलं मी. हात इस्त्रीवर असले तरी कान मोकळेच असतात.

मामा: अरे, पण असं होईल कसं? एकाच लाँड्रीत राबतो, एकाच पातेल्यातलं जेवतो, एकाच छपराखाली झोपतो. आणि मी अकरा वर्षांनी मोठा. लग्नात लोक हसले होते, नवरा आहे की काका म्हणून.

मामी: वयाला नव्हते हसले. टकलाला हसले.

भाचा: छप्पर एकच, मामा, पण दिवसभर तुम्ही असता कुठे?

मामा: सायकलवर. घरोघर कपडे पोचवायचे म्हणजे काय खायचं काम आहे? चढ चढा, ऊन खा, वारा खा. खरं तर झिजायला मी हवा होतो.

भाचा: आणि मामी?

मामा: ती आत, सावलीत. आरामात. म्हणजे आरामात नाही, पण सावलीत.

मामी: या खोलीला खिडकी नाही रे. वाफ कोंडते, आणि डाग काढायचं ते औषध. आताशा त्याचा वासही येत नाही मला.

भाचा: वास येत नाही?

मामी: बरीच वर्षं झाली. म्हटलं, सुटले एकदाची.

मामा: मला कधी बोलली नाहीस.

मामी: न येणाऱ्या वासाचं काय सांगायचं?

भाचा: आणि झोपेचं काय?

मामा: झोप एकदम झकास. पाठ टेकली की सकाळीच...

भाचा: मामींना विचारतोय.

मामी: सासूबाईंनी अंथरूण धरल्यापासून रात्री उठावंच लागतं. पाणी द्यायचं, कूस बदलून द्यायची. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा हाक.

मामा: आई रात्री हाका मारते?

मामी: मारते. तुमच्या घोरण्यापुढे ऐकू येत नाही.

मामा: मग माझ्या साऱ्या बेताचं काय? वर्षभर हिला शिकवतोय. बँकेत काय बोलायचं, पंप बिघडला तर कुणाला गाठायचं. मी गेल्यावर हिचं अडू नये म्हणून. आधी मी जायचं, ही राहायची, असं ठरलंय आमचं.

मामी: तुमचं ठरलंय. मी आपली मान डोलावत होते.

मामा: आता कोणी कुणाला शिकवायचं? माझ्या गोळ्या कुठे असतात तेसुद्धा मला ठाऊक नाही.

भाचा: मामा, हा आकडा म्हणजे भविष्य नव्हे. शरीर किती झिजलंय त्याचा अंदाज. तो चुकूही शकतो. हवा, झोप सुधारली तर थोडं भरून निघतही असेल. किती, ते छातीठोक नाही सांगता येत.

मामा: म्हणजे तुलाही कळत नाही.

भाचा: पुरतं नाही.

मामा: उद्याच गवंडी आणतो. ही भिंत फोडून खिडकी काढू. आणि उद्यापासून सायकलवर ही, इस्त्रीवर मी.

मामी: मला सायकल येत नाही नि तुम्हाला इस्त्री. महिनाभरात गिऱ्हाइकं उघडी फिरतील.

मामा: चेष्टा नको. मला भीती वाटतेय गं.

मामी: मलाही वाटतेय. पण हे शर्ट संध्याकाळच्या आत द्यायचेत.

भाचा: आजी हाक मारतेय वाटतं.

मामी: आले हो, आले.

मामा: तू थांब. मी जातो.

मामी: अहो, तुम्हाला जमायचं नाही. त्यांना मानेखाली हात घालून उठवावं लागतं.

मामा: थांब म्हटलं ना.

(मामा आत जातात. बऱ्याच वेळाने परत येतात आणि दारातच उभे राहतात.)

मामी: काय हवं होतं?

मामा: पाणी. पाजलं. घोटभर प्यायली. मग म्हणाली, "तू कसा आलास? तिला काही झालंय का?"

मामी: मग? काय सांगितलंत?

मामा: म्हटलं, तिलाच विचारून सांगतो.