लीला भोजनालयाचे गुणवंता कळंबे निघून गेल्याबाबत व मिळून आल्याबाबत

नाव : सौ. तृप्ती चेतन बालपांडे, वय ३१ वर्षे, व्यवसाय : खाजगी शाळेत शिक्षिका, राहणार सौंसर, माहेर पांढुर्णा.

पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, गुणवंता कळंबे, वय ६३, हे माझे वडील असून पांढुर्णा येथे बसस्थानकामागे त्यांचे लीला भोजनालय आहे. लीलाबाई हे माझ्या आईचे नाव. भोजनालयात काय मिळते याची पाटी नाही. आलेल्या माणसाचा चेहरा पाहून वडील काय वाढायचे ते ठरवतात. थकलेल्याला खिचडी, भांडून आलेल्याला झुणका-भाकर. टेबलावर मीठ ठेवत नाहीत. कोणी मागितलेच तर "मीठ मांगाचं असन तं दुसरीकडं जाय" म्हणून उठवतात. लोक हे ऐकायलाही येत.

कोरोनाच्या तापानंतर वडिलांची चव आणि वास दोन्ही गेले, ते परत आले नाहीत. ही गोष्ट आई, वडील व मी एवढ्यांनाच माहीत होती. आई आतल्या पडद्यामागे वाटी घेऊन उभी राही. चाखून पातेल्याच्या काठावर चमचा वाजवी. एकदा वाजला की मीठ कमी, दोनदा वाजला की तिखट कमी. वाजला नाही की वडील ताटे वाढत.

मागील महिन्यात आई हृदयविकाराने वारली. तेरवी झाल्यावर वडिलांनी भोजनालय उघडले. मी रजा घेऊन पडद्यामागे उभी राहत होते. रजा संपली तेव्हा वडील म्हणाले, "तू जाय शाळेत. मले अंदाज हाये." मी सौंसरला गेले.

त्याच दुपारी निवृत्त शिक्षक पुंडलिकराव जेवायला आले होते. ते आमचे जुने गिऱ्हाईक आहेत. पुढील हकीकत मला त्यांनी सांगितली. पहिल्या घासाला ते थांबले आणि हळूच म्हणाले, "गुणवंता, आज वरनात मीठ टाकाचं राहिलं वाट्टे." वडील रागावले नाहीत. आतून मिठाची बरणी आणून त्यांच्यासमोर ठेवली, हात जोडले व "चुकलं, गुरुजी" म्हणाले. मग प्रत्येक टेबलाशी जाऊन हात जोडले. गॅस बंद केला आणि तसेच बाहेर पडले. पायात चप्पल नव्हती.

पुंडलिकराव मला फोनवर म्हणाले, "पोरी, मी गुपचूप जेवलो असतो तं काय झालं असतं?" त्यांच्याबद्दल किंवा इतर कोणाबद्दल माझी तक्रार नाही.

मी व माझे पती चेतन यांनी नातेवाइकांकडे, मोक्षधामात व नदीकडे शोध घेतला. वडील न मिळाल्याने काल या ठाण्यात हरवल्याची खबर दिली. आज सकाळी ते तिगाव रेल्वे स्टेशनच्या फलाटावर बसलेले असल्याचे कळले. मी पोलीस शिपाई अमित यांच्यासोबत तेथे गेले. वडिलांच्या तळपायाला जखमा आहेत. रुळाच्या कडेने पायी आलो असे त्यांनी सांगितले.

शिपायांनी विचारले, "काका, काही खाल्लं का?"

वडील म्हणाले, "समोसा खाल्ला. बरा होता का नाही, हे आता कोनाले इचारू?"

त्यांना कोणी मारहाण केलेली नाही, कोणी पळवून नेलेले नाही. मी त्यांना ताब्यात घेऊन सौंसरला नेत आहे. भोजनालय बंद केले आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवला. वडील शेजारीच बाकावर बसलेले असल्याने त्यांच्या चवीचा मजकूर मोठ्याने वाचू नये अशी मी विनंती केली. तेवढा भाग मी मनात वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.