चामड्याचे बारा वायसर

पार्सलच्या खिडकीत कारकून फॉर्म तपासत होता, पण त्याचे कान रांगेतल्या पहिल्या दोघांकडे लागले होते. पुढे हापसे दुरुस्त करणारी बाई, मागे निवृत्त मास्तर.

“मुलगी फौजेत, तेही शांतिसेनेबरोबर परदेशात? अहो, भांडणं त्यांची. जीव आपल्या पोरींनी का धोक्यात घालायचा?”

“मीही हेच म्हणून रडले होते, मास्तर.”

“मग जाऊ कशाला दिलंत?”

“मला विचारतंय कोण! त्यांच्या छावणीबाहेर एकच हापसा. लढणाऱ्या दोन्ही बाजूंची माणसं तिथंच पाणी भरतात, आणि आमच्या बाईसाहेब बंदूक घेऊन पहाऱ्याला. परवा हापसाच बंद पडला.”

“मग?”

“मग काय, आईला फोन! म्हटलं, फोन हापशाजवळ धर आणि हापस. आवाजावरून सांगितलं, आतला वायसर झिजलाय.”

“इथं बसून कळलं?”

“तीस वर्षं तेच करतेय की! तिनं स्वतःच्या बुटाचं चामडं कापून बसवलं. आलं पाणी! पण ते टिकतंय किती? म्हणून हे बारा पाठवतेय.”

“बारा? अहो, ती परत येणार कधी?”

“याच महिन्यात यायची होती. सहा महिने वाढवून घेतलेत.”

“आणि तुम्ही अडवलं नाही?”

“मीच म्हटलं, काम अर्धवट टाकून घरी यायचं नाही.”

कारकुनानं पार्सलवर शिक्का मारला. “हं, मास्तर, तुमचं काय?”

“माझं राहू द्या हो. आधी सांगा, ह्यांच्या पोरीला हे पोचणार कधी?”