उल्हासची बरोलो

...नाही, पण तुम्हीच सांगा, पितृपक्षात एक बाटली उघडली तर पितरांचं काय बिघडणार आहे? आमचे आजोबा तर म्हणाले असते, "अरे, इकडेही आण थोडी!" पण हे सासूबाईंना कोण सांगणार? सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, आमच्याकडे फ्रीमाँटला आल्यात, येताना बॅगेत पंचांग घालून आल्यात. आणि इकडे उल्हास चालला एक तारखेला, कायमचा!

उल्हास म्हणजे माझा सतरा वर्षांचा दोस्त. पहिल्या नोकरीत एका खोलीत गाद्या टाकून झोपलोय आम्ही. वाइन म्हटली की हा माणूस पेटतो. इटलीला गेला आणि स्वतःच्या शर्टात गुंडाळून बरोलोची बाटली घेऊन आला, दोन हजार सोळाची. "प्रल्हाद, सोळा म्हणजे काय कळतंय का तुला? उन्हाळा लांबला पण तापला नाही, रात्री गार, द्राक्षं ऑक्टोबरपर्यंत वेलीवर निवांत पिकत होती! असं साल क्वचित येतं यार!" तुम्हाला सांगतो, मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, पण त्याचा चेहरा बघून मलाच चढली. ठरलं, बाटली माझ्या क्लोजेटमध्ये आडवी ठेवायची आणि त्याचं ग्रीन कार्ड आलं की दोघांनी मिळून फोडायची.

कार्ड काही येईना. जुलैमध्ये वैतागून म्हणाला, बस झालं, एक ऑक्टोबरला पुण्याला चाललो. मी म्हटलं, मग बाटली उघडू या आजच! तर आसावरी, म्हणजे आमची बायको, हळूच म्हणाली, "अहो, आजपासून श्रावण." बरं, श्रावण संपला, तर गणपती. एरवी आमचा दीड दिवसाचा, पण यंदा आई आहे ना, म्हणून दहा दिवस! विसर्जन झालं, आणि पितृपक्षाच्या आधी एकच दिवस मोकळा. मी ग्लास पुसून ठेवले हो! तर सासूबाई म्हणाल्या, "आज ग्रहण आहे." मी म्हटलं, आई, ते इथून दिसत नाही. "इथून नसेल, पुण्यातून दिसतंय ना?"... आता बोला! आणि उल्हास चालला एक तारखेला.

त्याच्या घरी जाऊन प्यावी, तर त्याने घर सोडलेलं. मुक्काम आमच्याकडेच, आणि हा पठ्ठ्या सासूबाईंच्या थालीपिठावर इतका फिदा की मलाच समजावतो, "काकूंचं मन नको मोडायला." अरे, माझ्या मनाचं काय? मग पितर गेले, देवी आली. घटस्थापना! आणि उल्हास चालला एक तारखेला, नवरात्रातच!

एक तारीख उजाडली. दुपारी बॅगा दारात. उल्हास सासूबाईंच्या पाया पडला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "प्रल्हादराव, उघडा ती बाटली. मी देवीला सांगितलंय."

मी असा धावलो, असा धावलो! बूच निघालं, उल्हासने ग्लासात नाक घातलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "हिला तीन तास हवा लागू दे, तेव्हा कुठे चव खुलेल."

अरे, पण तासाभरात निघायचंय!

"नऊ वर्षं थांबलेल्या वाइनला घाई करून बिघडवू? मला नाही जमणार. तू पी माझ्या वाटची." आणि सासूबाई मान डोलावून म्हणाल्या, "बरोबर आहे, मुरू द्यावं." दोघं एक झाले, तुम्हाला सांगतो, त्याच क्षणी!

त्याला एअरपोर्टवर सोडलं, येताना गाडीत गाणीसुद्धा लावली नाहीत. घरी आलो, ग्लास भरला, तोच बोर्डिंगच्या रांगेतून त्याचा फोन. "घेतलीस? सांग, सांग, कशी आहे?"

मी घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला. खूप आठवून, खूप शोधून म्हणालो, "छान आहे."

"छान म्हणजे?"

"म्हणजे... आंबट आहे जरा."

काय करणार? चव कळणारा चालला विमानात, आणि बाटलीपाशी राहिलो मी!